चौथ्या कार्बनवरचा फरक

ग्लुकोज आणि गॅलेक्टोज या दोन साखरा. दोघींचे रेणुसूत्र एकच: कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. फरक आहे तो चौथ्या कार्बनवरच्या एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा. एकीत तो एका अंगाला वळलेला, दुसरीत विरुद्ध अंगाला. एरवी हा फरक परीक्षेत दोन गुणांपुरता विचारतात. अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एरिका पीअर्स यांच्या प्रयोगशाळेने मात्र याच फरकावर एक अख्खा शोधनिबंध तोलून धरला. ची-हाओ चांग हे त्याचे पहिले लेखक. जून 2013 मध्ये तो ‘सेल’ या नियतकालिकात आला. जेमतेम तेरा पानांचा मजकूर. शोधनिबंध लोक माहितीसाठी वाचतात, आणि माहिती काढून घेतली की तो संदर्भसूचीत जाऊन पडतो. हा निबंध रचनेसाठी वाचावा असा आहे.

प्रश्न जुना होता. आपल्या रक्तात फिरणारी टी-पेशी ही प्रतिकारपेशी शत्रू भेटेपर्यंत अगदी मितव्ययी असते. थोडेसे इंधन घ्यायचे, ते मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजनच्या साहाय्याने शेवटच्या कणापर्यंत जाळायचे, आणि वाट बघायची. शत्रूची खूण पटली की तिचे वागणे पालटते. ती फुगते, दिवसातून दोन-तीनदा दुभंगत जाते, आणि ग्लुकोज ओढून घेऊ लागते. पण हे ग्लुकोज ती पुरते जाळत नाही. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या उतरून अर्ध्यावर सोडते आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकते. तेही आजूबाजूला ऑक्सिजन मुबलक असताना. हिशेब केला तर हा शुद्ध तोट्याचा व्यवहार दिसतो. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर ऊर्जा पुरवणारे सुमारे 30 एटीपी रेणू हाती येतात. अर्ध्यावर सोडला तर फक्त 2. कर्करोगाच्या पेशींची हीच उधळपट्टी ओट्टो वॉरबुर्ग यांनी जर्मनीत 1920 च्या दशकात टिपली होती. टी-पेशींच्या बाबतीत, शत्रूची ओळख पटल्यावर लागणारा जो दुसरा इशारा असतो तोच ग्लुकोज ओढायला लावतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्रेग थॉम्पसन यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवले. मग एक सोयीचे उत्तर रूढ झाले: पेशीला दुभंगायचे असते, नव्या पेशीसाठी कच्चा माल लागतो, आणि ग्लायकोलिसिस तो पुरवते.

आता चांग यांच्या निबंधाच्या सारांशातले पहिलेच वाक्य बघा. हा पालट विभाजनासाठी आवश्यक ‘मानला जातो’, असे ते म्हणते. घाईचा वाचक इथून पुढे सरकेल. पण सगळी शंका त्या ‘मानला जातो’मध्ये दडलेली आहे. कुणाचे नाव नाही, कुणावर आरोप नाही. फक्त क्रियापद अर्धा इंच मागे सरकवले आहे. विज्ञानाच्या गद्यात असा संयमी उपरोध फार कमी जणांना साधतो.

शंका घेतली तरी ती तपासायची कशी? ग्लायकोलिसिस बंद पाडायची रूढ वाट म्हणजे 2-डीऑक्सिग्लुकोज हा नकली रेणू. तो पेशीत शिरतो, पहिल्या पायरीवर अडकतो आणि मागची वाहतूक तुंबवतो. पण तो इतर कामांतही ढवळाढवळ करतो. प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवण्याचे कामही बिघडवतो. पेशी आजारी पडली तर ती ग्लायकोलिसिस थांबल्यामुळे की औषधाच्या त्रासामुळे, हे ओळखणार कसे? चांग आणि पीअर्स यांनी या प्रश्नासाठी गॅलेक्टोज निवडले. पोषकद्रवातून ग्लुकोज काढले आणि त्या जागी गॅलेक्टोज ठेवले. गॅलेक्टोज विष नाही. ते दुधातच असते. पण त्याला ग्लायकोलिसिसच्या मुख्य रस्त्याला लागायच्या आधी एक आडवाट चालावी लागते, चौथ्या कार्बनवरचा तो गट फिरवून घ्यावा लागतो, आणि ही आडवाट संथ आहे. रस्त्यावर साखर येते, पण थेंबाथेंबाने. एवढ्यावर उधळपट्टी चालत नाही. पेशीला मायटोकॉन्ड्रियाकडे वळावेच लागते. पेशी उपाशी नाही, तिच्यावर विषप्रयोग झालेला नाही, फक्त तिची एक सवय काढून घेतली आहे. पेशी किती ऑक्सिजन घेते आणि भोवतालचा द्रव किती आंबट करते हे एकाच वेळी मोजणारे ‘सीहॉर्स’ नावाचे यंत्र आहे. गॅलेक्टोजमधल्या पेशींचा आंबटपणा खाली आलेला त्यावर स्वच्छ दिसतो.

ही आडवाट अर्जेंटिनाच्या लुईस लेल्वार यांच्या नावाने ओळखली जाते. राजकीय कारणांनी मायदेश सोडावा लागला तेव्हा, 1944 मध्ये, लेल्वार काही महिने सेंट लुइसमध्ये, याच विद्यापीठात, कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या प्रयोगशाळेत पाहुणे होते. ती आडवाट त्यांनी नंतर ब्यूनोस आइरेसला परतून उलगडली, आणि 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कोरी दांपत्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे एवढेच.

निबंधातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग म्हणजे त्याचा समतोल. एक दार बंद करून काय होते ते बघणे सोपे. चांग यांनी दुसरे दारही बंद करून बघितले. ऑलिगोमायसिनने मायटोकॉन्ड्रियातली एटीपीची निर्मिती थांबवली. अजून शत्रू न पाहिलेल्या, कोऱ्या पेशींना हे सोसले नाही. त्यांची वाढ सुरूच होईना. म्हणजे उधळपट्टीच्या गाजावाजात ज्याकडे दुर्लक्ष झाले होते ते मायटोकॉन्ड्रियाच सुरुवातीला अपरिहार्य ठरले. पण एकदा जाग आलेल्या पेशी दोन्हींपैकी कुठल्याही मार्गाने दुभंगू शकत होत्या. गॅलेक्टोजमध्ये ठेवलेल्या पेशी जगल्या, वाढल्या, त्यांची पिढी पुढे गेली. विभाजनासाठी ग्लायकोलिसिस लागते हे सोयीचे उत्तर इथे कोसळते, आणि कोसळताना निबंधात आवाजही होत नाही. एक आलेख येतो, त्याखाली दोन ओळी, आणि लेखक पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

मग गेले काय? गेला तो इंटरफेरॉन-गॅमा. टी-पेशी लढाईत जे रासायनिक हुकूम सोडतात त्यातला हा फार महत्त्वाचा. क्षयाचे जंतू मॅक्रोफेज पेशी गिळतात खऱ्या, पण इंटरफेरॉन-गॅमाचा हुकूम आल्याशिवाय त्यांना ते नीट मारता येत नाहीत. आपल्याकडे क्षयाचा सुप्त संसर्ग शोधायला डॉक्टर ‘इग्रा’ नावाची रक्ततपासणी लिहून देतात. तीत याच प्रथिनाचे प्रमाण मोजतात. गॅलेक्टोजमधल्या पेशी दिसायला धडधाकट, संख्येला भरपूर, पण त्यांचा इंटरफेरॉन-गॅमा फारच घटलेला. सैन्य उभे आहे आणि दारूगोळा नाही. आजवर वाढ आणि लढाई ही दोन कामे टी-पेशीत इतकी हातात हात घालून चालताना दिसली होती की त्यांच्यामागे एकच कारण असेल असे सगळ्यांना वाटले. चौथ्या कार्बनवरच्या एका गटाने ती जोडी फोडली. पेशींना परत ग्लुकोज दिले की दारूगोळाही परत येतो.

इथपर्यंतच लिहिले असते तरी निबंध गाजला असता. पण खरी मौज पुढे आहे. पेशीत प्रथिन बनण्याच्या ज्या पायऱ्या आहेत त्या लेखक एकेक करून उतरत जातात, आणि प्रत्येक पायरीवर दिवा लावून बघतात. जनुक वाचले जात नाही का? वाचले जाते, इंटरफेरॉन-गॅमाचा संदेशवाहक आरएनए दोन्हीकडे जवळपास सारखाच. मग संदेश असूनही प्रथिन का नाही? संदेशावर रायबोसोम किती बसले आहेत ते बघू या. यासाठी पेशीतला द्रव सुक्रोजच्या थरांवर ठेवून जोराने फिरवतात (साखरेचा हा तिसरा अवतार). ज्या संदेशावर रायबोसोमांची गर्दी तो जड होऊन खाली जातो. ज्यावर कुणी बसलेले नाही तो वर तरंगतो. गॅलेक्टोजमधल्या पेशींत इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश हलक्या थरांकडे सरकलेला सापडला. पत्र लिहून तयार आहे, वाचणारा नाही. अशा निष्कर्षांची सवय असलेले लोक हे सहज बोलून जातात, पण जरा थांबून बघितले तर कळते की इथे साखरेने जनुकाला हातही न लावता त्याचा निकाल फिरवला आहे.

कुणीतरी तो संदेश धरून ठेवला असणार. संशय संदेशाच्या शेपटीवर गेला. संदेशवाहक आरएनएच्या शेवटी असा एक भाग असतो ज्यातून प्रथिन बनत नाही. पण तिथे ए आणि यू या अक्षरांचे पुंजके असले तर तिथे वेगवेगळी प्रथिने येऊन बसतात आणि संदेशाचे आयुष्य ठरवतात. इंटरफेरॉन-गॅमाची शेपटी अशा पुंजक्यांनी भरलेली आहे. लेखकांनी ही शेपटी कापून हिरव्या प्रकाशाच्या प्रथिनाच्या संदेशाला जोडली. या प्रथिनाचा टी-पेशीशी, लढाईशी, दाहाशी काही संबंध नाही. पण शेपटी लागताच तेही साखरेचा हुकूम पाळू लागले: ग्लुकोजमध्ये उजळ, गॅलेक्टोजमध्ये मंद. दोषी संदेशाच्या कुठल्या टोकाला आहे याचा यापेक्षा नेमका पुरावा मागता येणार नाही.

आणि आता तो दोषी. त्याचे नाव वाचताना जैवरसायनाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हसू आवरणार नाही. ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘गॅपडीएच’. ग्लायकोलिसिसच्या सहाव्या पायरीवरचे हे एन्झाइम. सगळ्या पेशींत, सदैव, भरपूर असते. इतके की प्रथिने मोजण्यासाठी वेस्टर्न ब्लॉट करताना सगळ्या नमुन्यांत प्रथिन सारखेच घातले आहे ना, याची खूणगाठ म्हणून ते वापरतात. सुमारे 37 किलोडाल्टनवर दिसणारी ती काळी पट्टी हजारो निबंधांच्या आकृत्यांत सर्वांत खाली असते, आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. तिने बदलू नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा. चांग यांच्या निबंधात हीच खालची पट्टी वर येऊन नायक होते. ए-यू पुंजक्यांना धरायची गॅपडीएचची खोड 1995 मध्येच नोंदली गेली होती. ज्या खोबणीत ते आपल्या कामासाठी लागणारा एनएडी हा सहकारी रेणू धरते, तिच्याच आसपास ते आरएनएही धरते. पण या खोडीचा पेशीला उपयोग काय, हे कळत नव्हते.

उपयोग असा. जात्यावर बसलेल्या बाईचे हात खुंट्यात गुंतलेले असतात, तोवर पोर तिच्या डोळ्यांदेखत अंगणभर पळते. जाते थांबले की हात मोकळे, आणि पहिली पकड पोराच्या दंडावर. ग्लायकोलिसिस जोरात चालू असते तेव्हा गॅपडीएच साखरेच्या कामात असते आणि इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश मोकळा राहतो. साखरेचा ओघ आटला की तेच एन्झाइम संदेशाची शेपटी धरून बसते आणि रायबोसोमांना वाचू देत नाही. लेखकांनी गॅपडीएचचे प्रमाणही कमीजास्त करून पाहिले. ते घटवले की इंटरफेरॉन-गॅमा वाढतो, वाढवले की घटतो. वेगळा संवेदक नको, वेगळा निरोप्या नको. साखर आहे की नाही हे जो कामगार प्रत्यक्ष साखर हाताळतो त्यालाच सर्वांत आधी कळणार, आणि हुकुमाची चावीही त्याच्याच हाती. निसर्गाची एवढी काटकसर पाहिल्यावर ग्लायकोलिसिसला उधळपट्टी म्हणायला जीभ धजत नाही.

कोरींकडे परत येतो. गर्टी कोरी, मिल्टन स्लाइन आणि कार्ल कोरी यांनी 1940 च्या दशकात सशाच्या स्नायूंतून एक एन्झाइम शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले, आणि 1948 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन छापले. ते एन्झाइम गॅपडीएचच होते. प्रयोगशाळा सेंट लुइसची, विद्यापीठ वॉशिंग्टनच. मधल्या काळात, 1947 मध्ये, कोरी दांपत्याला नोबेल मिळाले. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या गर्टी या पहिल्या महिला. त्याच गावात सहा दशकांनी त्या स्फटिकातले प्रथिन पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याने आपला दुसरा व्यवसाय सांगितला.

पीअर्स यांच्या इतर कामाचे रसग्रहण करायला वेगळी जागा हवी. पेनसिल्व्हेनियात असताना, 2009 मध्ये, त्यांनी उंदरांना मेटफॉर्मिन दिले की स्मृतिपेशींची संख्या वाढते आणि कर्करोगाविरुद्धची प्रायोगिक लस अधिक लागू पडते, हे दाखवले होते. आपल्या घराघरांतल्या मधुमेहाच्या गोळीचे हे रूप अनपेक्षितच. लढणारी पेशी साखर उधळते, आठवण ठेवणारी पेशी चरबी जाळते, अशी ती कामाची वाटणी. 2015 मध्ये ‘सेल’मध्येच चांग आणि पीअर्स यांनी 2013 चा धागा उचलला: गाठीतल्या कर्कपेशी आजूबाजूचे ग्लुकोज गिळून टाकतात आणि टी-पेशी गॅलेक्टोजमध्ये ठेवल्यासारख्या निःशस्त्र होतात. रुग्णांना दिली जाणारी चेकपॉइंटरोधक प्रतिपिंडे गाठीत ग्लुकोज परत आणतात, आणि त्याबरोबर इंटरफेरॉन-गॅमाही. 2013 मध्ये डब्लिनला ल्यूक ओ’नील यांच्या गटाने मॅक्रोफेजमध्ये असेच काही दाखवले. तिथे सक्सिनेट हा क्रेब्ज चक्रातला रेणू साचतो आणि दाहाचा हुकूम, आयएल-1 बीटा, वाढवतो. ते काम मोठे आहे, पण त्याची घडण मला गॅलेक्टोजच्या प्रयोगाइतकी रेखीव वाटत नाही.

रसिकाने दोषही सांगावेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मिंग ली यांच्या गटाने 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये वेगळा सूर लावला. त्यांनी पोषकद्रव बदलले नाही; लॅक्टिक ॲसिड बनवणाऱ्या एन्झाइमचे जनुकच उंदरांच्या टी-पेशींतून काढले. इंटरफेरॉन-गॅमा घटला, पण त्यांच्या प्रयोगात शेपटीचा त्यात हात नव्हता. ग्लायकोलिसिस जोरात असले की ॲसिटाइल-कोए भरपूर राहते, त्याने हिस्टोनांवर खुणा होतात, आणि जनुक वाचायला मोकळे होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे चांग म्हणतात संदेश अडतो, ली म्हणतात संदेश लिहिलाच कमी जातो. दोघांनी ग्लायकोलिसिस वेगवेगळ्या ठिकाणी तोडले, हे विसरून चालणार नाही: एकाने आत येणारी साखर मंदावली, दुसऱ्याने बाहेर जाणारी वाट बंद केली. माझे मत विचाराल तर ज्या हुकुमाने शरीरात एवढा दाह पेटू शकतो त्याला दोन कुलुपे असावीत यात नवल नाही. पण गॅलेक्टोजची निवड कितीही सुरेख असली तरी ती पेशीच्या साखरेच्या सगळ्याच कारभाराला थोडी थोडी झळ लावते, ही ली यांच्या प्रयोगाने दाखवलेली मर्यादा मान्य करायला हवी.

गॅपडीएचची गोष्ट त्यानंतर बाल्टिमोरला गेली. जॉन्स हॉपकिन्समधल्या मायकेल कॉर्नबर्ग, सॉलोमन स्नायडर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये डायमिथाइल फ्युमरेट या औषधाचा माग काढला. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारपेशी मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडतात; हे औषध तो दाह शमवते आणि सोरायसिसमध्येही वापरले जाते. पण ते नेमके करते काय, याबद्दल एकमत नव्हते. कॉर्नबर्ग यांना दिसले की औषध गॅपडीएचच्या कार्यस्थानी असलेल्या सिस्टीनला कायमचे चिकटते. एन्झाइम निकामी होते, ग्लायकोलिसिस मंदावते आणि खवळलेल्या पेशी शांत होतात. फ्युमरेट हा मायटोकॉन्ड्रियातल्या क्रेब्ज चक्राचाच रेणू. त्याचा एक भाऊबंद औषधाच्या रूपाने येऊन ग्लायकोलिसिसची सहावी पायरी अडवतो, ही त्यातली खास खुबी. त्या औषधाला मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली ती मार्च 2013 मध्ये. चांग यांचा निबंध छापून आला त्याच्या सुमारे सव्वादोन महिने आधी. कॉर्नबर्ग यांच्या कामापर्यंत औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांपाशी गॅपडीएचचे नाव घ्यायला काहीच कारण नव्हते.